व्यसन सोडणारा माणूस एकटा असतो का? : 'एकच प्याला'चं एक फेरवाचन



आजचा विषय आयोजकांनी आम्हाला असा दिला : 'व्यसन स्वतःच्या बळावर सोडावं, की मदत घ्यावी?' आम्ही डॉक्टर नाही आणि समुपदेशकही नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं. त्यामुळे औषधोपचाराबद्दल अधिकारवाणीने बोलणं आम्हाला शोभणार नाही. पण मराठी माणसाच्या मनात या प्रश्नाचं उत्तर कुठून आलं, हे आम्ही पुस्तकाच्या आधाराने तपासू शकतो. त्यासाठी आज एक नाटक घेतलं आहे, राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'.

हेच नाटक का? कारण दारुड्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा म्हटलं, तर ज्याने हे नाटक पाहिलं नाही त्याच्याही डोळ्यांपुढे सुधाकर येतो, तळीराम येतो. 'तळीराम' हे एका पात्राचं नाव होतं. आज ते सामान्यनाम झालं आहे, वर्तमानपत्राच्या मथळ्यात येतं. एखाद्या नाटकाचा भाषेवर याहून मोठा परिणाम काय सांगावा! १९१९च्या जानेवारीत गडकरी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर. शंभर वर्षं उलटून गेली. आमचं म्हणणं असं, की या शंभर वर्षांत आपण नाटक पाहिलं आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग पाहायचा राहून गेला.

कथा तुम्हाला माहीत आहे. सुधाकर हुशार आणि मानी वकील. कोर्टात त्याचा अपमान होतो आणि तो सल विसरण्यासाठी तळीरामाच्या आग्रहाने तो पहिला प्याला घेतो. पुढे घर जातं, अब्रू जाते, मूल जातं, सिंधू जाते, आणि शेवटी तो स्वतः विषाचा प्याला पितो. सगळ्यांनी यातून काय घेतलं? 'पहिला प्याला घेऊ नका.' शाळेतल्या निबंधापासून दारूबंदीच्या सभेपर्यंत हेच तात्पर्य. ते खोटं नाही. पण हे तात्पर्य कुणासाठी आहे, बघा. ज्याने अजून घेतलेला नाही त्याच्यासाठी. प्रेक्षागृहात तिसऱ्या रांगेत जो बसलाय, ज्याचा पहिला प्याला पंधरा वर्षांपूर्वीच घेऊन झालाय, त्याला या तात्पर्याचा काय उपयोग? तो उठून घरी जाताना एवढंच समजून जातो, की आपली गाडी चुकलेली आहे. व्यसनातून सुटणं म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्यासाठी शिल्लकच राहत नाही.

आणि इथे आम्ही गडकऱ्यांची बाजू घेतो. नाटकात तो प्रश्न आहे. सुधाकर दारू सोडतो, हे आपण विसरतो! शपथ घेऊन सोडतो. त्याला कुणी कोंडून ठेवलेलं नाही, कुणी बांधून नेलेलं नाही. ज्याला आपण 'स्वतःच्या बळावर सोडणं' म्हणतो, ते तो करतो. मग शुद्धीवर आलेला हा माणूस बाहेर पडतो, प्रतिष्ठित लोकांच्या दाराशी काम मागायला जातो, आणि तिथे त्याची काय संभावना होते? कुणी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. काल गटारात लोळणारा आज सज्जन झाला म्हणतो, अशी टिंगल होते. तो परत फिरतो तो थेट प्याल्याकडे. आता हे 'मनाचा दुबळेपणा' या सदरात घालता येईल का? आमच्या मते नाही. निश्चय होता. निश्चयाला उभं राहायला जागा मिळाली नाही. गडकऱ्यांनी ही जागा नेमकी दाखवली आणि आपण मात्र सगळा दोष प्याल्यावर टाकून मोकळे झालो. प्याल्याला दोष देणं सोपं आहे हो. ज्यांनी दार लावलं ते आपण आहोत, हे पाहणं अवघड जातं.

आता थोडं तत्त्वज्ञानाकडे वळू. घाबरू नका, फार लांब जाणार नाही.

माणसाला चांगलं काय ते कळतं, तरी तो वाईट करतो. हे कसं घडतं? सॉक्रेटिसचं म्हणणं होतं, की असं घडतच नाही. वाईट करणाऱ्याला खरं तर कळलेलं नसतं. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. 'निकोमॅकियन एथिक्स'च्या सातव्या भागात तो याच गोष्टीची चर्चा करतो. त्याने झोपलेल्या, वेड लागलेल्या आणि प्यालेल्या माणसाचं उदाहरण घेतलं. अशा माणसाजवळ ज्ञान असतं, पण त्या घटकेला ते हाताशी नसतं. प्यालेला माणूस श्लोक म्हणून दाखवील, पण म्हणून ते त्याला समजले असं नाही. १९७१ साली हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने एक निबंध लिहिला. त्यात नशेच्या आहारी गेलेल्या माणसाचे त्याने प्रकार पाडले. एकाला नशा हवी असते आणि ती हवी असण्याबद्दल त्याची तक्रार नसते. दुसऱ्याला नशा हवी असते, पण 'ही हवी असणं मला नको' असंही त्याला वाटत असतं. हा दुसरा माणूस स्वतःशीच लढतो आणि हरतो. हरतो तेव्हा आपल्याच इच्छेने आपल्याला ओढून नेलं, असं त्याला वाटतं. शपथ घेतल्या दिवशीचा सुधाकर हा असा दुसऱ्या प्रकारचा माणूस आहे.

आपल्याकडे हा प्रश्न गीतेत आहे. तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो, की मनात नसताना, कुणी बळजबरी केल्यासारखा माणूस पाप करतो तो कशाने? व्यसनी माणसाचाच हा प्रश्न आहे. आणि स्वतःच्या बळावर सोडावं म्हणणारे लोक आधार कुठला देतात? सहाव्या अध्यायाचा. आपणच आपला उद्धार करावा, असं तिथे सांगितलं आहे. आम्हीही वर्गात हा श्लोक अनेक वर्षं शिकवला. पण तो कोण कुणाला आणि केव्हा सांगतो, हे पाहिलं पाहिजे. धनुष्य टाकून बसलेला एक माणूस, आपल्याला काही सुचत नाही, मी तुझा शिष्य आहे, मला सांग, असं दुसऱ्याला म्हणाला आहे. त्यानंतर त्याला हा उपदेश मिळतो. म्हणजे ज्याला 'तूच तुला वर काढ' असं सांगितलं जातंय, त्याने आधी मदत मागितलेली आहे! एकट्याने बसून त्याला हे सुचलेलं नाही. तेव्हा 'स्वतः' आणि 'मदत' या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, असं धरून चालणंच आम्हाला संशयास्पद वाटतं.

पुन्हा नाटकाकडे येऊ. सुधाकरला मदत मिळालीच नाही का? मिळाली, असं कुणी म्हणेल. रामलाल आहे ना! सिंधू आहे ना! हे जरा बारकाईने तपासू. रामलाल जिवाभावाचा मित्र आहे, पण त्याच्याकडे आहे काय? उपदेश. आणि उपदेशाने सुधाकरला जे कळतं ते त्याला आधीच कळलेलं असतं. व्यसन माणसाला पायरीपायरीने कसं खाली नेतं याचं विवेचन सुधाकर स्वतःच रामलालला ऐकवतो. ज्याला रोग इतका नेमका समजलाय त्याला रोगाची माहिती देऊन काय साधणार? दुसरी सिंधू. माहेरची मदत न घेता ती जात्यावर दळण दळून घर चालवते आणि शेवटी मरताना फौजदारासमोर खोटं बोलून नवऱ्याला वाचवते. हा त्याग आहे. प्रेक्षक तिथे रडतात, आम्हीही रडलो आहोत. पण त्यागाने सुधाकर सुटला का? आज व्यसनमुक्तीच्या कामातले लोक बायकांना सांगतात, की त्याच्या पिण्याचे परिणाम तुम्ही झाकू नका, साहेबांना फोन करून 'ताप आलाय' म्हणून सांगू नका, त्याची उधारी फेडू नका. सिंधूला हे कोण सांगणार होतं? १९१९ साली तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता, तेव्हा तिला बोल लावणं अन्याय होईल. आमची तक्रार तिच्याबद्दल नाही. रस्ता नसणं यालाच आपण आदर्श ठरवलं, आणि पुढे कितीतरी बायकांनी तो आदर्श निभावला. तक्रार आहे ती याबद्दल.

तिसरी गोष्ट उपचाराची. नाटकात उपचार कुठे येतो? तळीरामाच्या आजारपणात, डॉक्टर आणि वैद्य यांच्या प्रवेशात, आणि तो विनोदी प्रवेश आहे. म्हणजे गडकऱ्यांच्या काळात या दुखण्याला वैद्यक म्हणून ज्याकडे पाहावं असं काही नव्हतंच, हसण्यासारखंच होतं. उपदेश, त्याग आणि फार्स, या तिन्हींत व्यसनी माणसाला जी हवी ती मदत नाही. हा नाटकाचा दोष म्हणा किंवा काळाचा. पण हे नाटक वाचून 'मदतीने काही होत नाही' असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो चुकीचा ठरेल. मदत तिथे आलेलीच नाही.

आता एकट्याने सोडण्याची बाजू प्रामाणिकपणे मांडू, कारण ती बाजू कच्ची नाही. तंबाखू आणि सिगारेट सोडणाऱ्यांपैकी बरेचसे लोक कुठल्याही केंद्रात न जाता सोडतात. तुमच्या घरातही असं कुणी असेल. याहून मोठं उदाहरण व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचं आहे. तिथे असताना बरेच जण हेरॉइनच्या आहारी गेले होते. हे सगळे मायदेशी परतल्यावर देशाचं काय होणार, अशी १९७१च्या सुमारास तिकडे धास्ती होती. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा मागोवा घेतला. बहुतेकांनी परतल्यावर हेरॉइन सोडलं, आणि तेही उपचार न घेता! पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले शंभरात पाचच्या आसपास निघाले. 'एकदा गर्दुल्ला तो कायमचा गर्दुल्ला' या समजुतीला या अभ्यासाने मोठा धक्का दिला.

पण हे लोक एकट्याच्या बळावर सुटले, असं म्हणायचं का? त्यांच्या भोवतीचं काय काय बदललं होतं ते मोजा. युद्ध मागे पडलं, स्वस्त आणि शुद्ध माल मागे पडला, ज्यांच्याबरोबर बसून ओढायचे ते सोबती पांगले. पुढे घर होतं, आईवडील होते, कामधंदा होता. हे कुणी उपचार म्हणून दिलं नव्हतं, तरी त्याचा आधार होताच. सुधाकरच्या अगदी उलट. तो त्याच गावात, त्याच लोकांत, त्याच अपमानात परत आला. सैनिकांची आणि सुधाकरची इच्छाशक्ती तोलून पाहायला आपल्याकडे तराजू नाही. पण पुढचं दार उघडं होतं की बंद, एवढं तर दिसतं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथे निष्काळजीपणाने जीव जातात. 'सोडणं' हे प्रत्येक पदार्थाच्या बाबतीत सारखं नसतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका दिवसात तोडली, तर त्याला झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर मरणही येऊ शकतं. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. झोपेच्या गोळ्यांचंही काही प्रमाणात असंच आहे. गर्द किंवा हेरॉइन सोडताना होतात ते हाल, म्हणजे त्या लोकांच्या भाषेत 'टर्की', भयंकर असतात, पण सहसा त्यांनी माणूस मरत नाही. तिथला धोका वेगळा आहे. काही आठवडे सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि पुन्हा पूर्वीचाच डोस घेतला की तोच जिवावर बेततो.

आमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी गुढीपाडव्याला दारू सोडली. कुणाला सांगितलं नाही, मानी माणूस. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर किडे दिसायला लागले, हात थरथरायला लागले. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही झालं. अंगारा आणला. शेजारच्या एका नर्सबाईंनी ओळखलं आणि इस्पितळात नेलं म्हणून ते वाचले. त्यांचा निश्चय पक्का होता, यात शंका नाही. पण निश्चय मेंदूतली रसायनं बदलत नाही. इथे मदत घेणं हा नैतिक प्रश्नच नाही. पाय मोडलेल्या माणसाला कुणी 'स्वतःच्या बळावर हाड सांध' असं म्हणत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाला आपलं उत्तर फार पूर्वी शोधलं होतं, असं आम्हाला वाटतं. वारकऱ्यांत 'माळ घालणं' आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटली, मांस सुटलं. हे एकट्याने सोडणं आहे की मदतीने? निश्चय त्याचा स्वतःचा असतो, कुणी लादत नाही. पण माळ कुणाच्या तरी हातून घ्यायची असते. ती गळ्यात दिसते, म्हणून गुत्त्यावरचा जुना मित्रही फार आग्रह करत नाही. संध्याकाळी भजनाला जागा असते, आषाढीला दिंडी असते. मोकळी संध्याकाळ ही व्यसन सोडणाऱ्याची वैरीण असते, आणि ती इथे भरलेली असते. सुधाकरच्या शपथेला यातलं काहीच नव्हतं. शपथ होती, पण तिला दिंडी नव्हती. माळ घालून मोडणारेही असतात, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही चमत्कार सांगत नाही, रचना सांगतो आहोत.

तीच रचना नव्या काळात पुण्याच्या मुक्तांगणात दिसते. ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या मुलांवर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक हात दिला, आणि १९८६च्या ऑगस्टमध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी काम सुरू केलं. तिथे औषध आहे, समुपदेशन आहे, पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं हे, की तिथे काम करणाऱ्यांत पूर्वी स्वतः व्यसनात असलेले लोक आहेत. रामलालजवळ जे नव्हतं ते यांच्याजवळ आहे. ते वरून खाली बोलत नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं तेही एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी बोलण्यातून. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिलीच पायरी 'मी' म्हणत नाही, 'आम्ही' म्हणते.

या पायरीवर तत्त्वज्ञानाच्या बाजूने एक आक्षेप येतो. दारूपुढे आपण हतबल आहोत असं कबूल करायचं, म्हणजे स्वातंत्र्यच सोडून द्यायचं की! आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण ओडिसियसची गोष्ट आठवा. सायरनांचं गाणं ऐकून आपण वाहवत जाणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं आणि खलाशांना बजावलं, की मी सोडा म्हटलं तरी सोडू नका. यात त्याने स्वातंत्र्य गमावलं का? आम्हाला वाटतं, वापरलं. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. बांधण्याचा हुकूम त्याचा स्वतःचा होता.

हे ध्यानात ठेवायचं, कारण मदतीच्या नावाखाली काही ठिकाणी जे चालतं ती मदत नव्हे. फसवून गाडीत घालून नेणं, कोंडणं, मारहाण, साखळी. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक अवस्थाही येतात, आणि त्या कायद्याने साखळीने बांधायला मनाई आहे. जिथे माणसाची स्वतःची इच्छा पायाखाली तुडवली जाते, तिथून तो बाहेर पडतो तेव्हा सोबत सूड घेऊन पडतो, निश्चय घेऊन नाही. म्हणून मदत चांगली की वाईट हे ओळखायची आमची कसोटी साधी आहे : तिथे गेल्यावर त्याच्या स्वतःच्या निर्णयाला बळ मिळतं, की त्याचा निर्णयच काढून घेतला जातो?

मदत घेणारे आहेत तरी किती? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कसले ना कसले उपचार मिळतात, असं त्यात आहे. उरलेले ३७ जण काय करतात? त्यातले कितीतरी 'उद्यापासून' म्हणत असतील. सगळे सुधाकरच. त्यांना तात्पर्य शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. दार मिळालेलं नाही.

म्हणून, स्वतःच्या बळावर की मदतीने, हा प्रश्न आम्ही थोडा बदलून तुमच्यापुढे ठेवतो. सोडायचं त्यालाच आहे, त्याच्या वतीने दुसरा कुणी सोडू शकत नाही. पण मदत मागणं हेही त्याच्याच इच्छाशक्तीचं काम आहे, आणि मानी माणसाला शपथेपेक्षा तेच जास्त जड जातं. सुधाकर शपथ घेऊ शकला, 'मला जमत नाही, माझ्याजवळ बस' असं तो कुणाला म्हणू शकला नाही. आणि म्हणाला असता, तरी बसायला कुणी होतं का? हा प्रश्न नाटकाने आपल्याला विचारलेला आहे. तो सुधाकरसाठी नाही, प्रेक्षागृहातल्या आपल्यासाठी आहे.

(व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं)

प्रश्न : सर, सोडल्यावर माणूस पुन्हा प्यायला, तर मग मदत फुकटच गेली ना?

उत्तर : मधुमेहाच्या माणसाने लग्नात जिलेबी खाल्ली आणि साखर वाढली, तर आपण डॉक्टर फुकट गेले असं म्हणत नाही. पुन्हा पिणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं. त्या दिवशी 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो!' असं घरात कुणी बोललं, की सुधाकरला जे दार दिसलं तेच त्याला दिसतं. किती दिवस पीत नव्हता ते मोजा, आणि पुन्हा फॉलो-अपला न्या.

प्रश्न (एका आईचा) : माझा मुलगा मदत घ्यायला तयारच नाही. आम्ही काय करायचं?

उत्तर : ताई, मग तुम्ही घ्या. घरच्यांना मदत मागायला त्याच्या होकाराची गरज नाही. बऱ्याच केंद्रांत घरच्यांसाठी वेगळ्या बैठका असतात, अल-ॲनॉनचे गट असतात, सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, तिथे घरचा माणूसही फोन करू शकतो. काय झाकायचं नाही, काय बोलायचं नाही, हे तुम्ही शिकलात की घरातली हवा थोडी बदलते. आणि पोलिसांची भीती मनात असेल, तर स्वतःहून उपचारासाठी येणाऱ्याला अमली पदार्थांच्या कायद्यात काही अटींवर संरक्षण आहे, ते वकिलांकडून समजून घ्या. त्याची वाट बघत बसू नका. तुमच्यापासून सुरू होऊ द्या.

वेळ संपली आहे. इथे थांबतो. नमस्कार.